रिळातले अप्पा

हुलसूर, ९ ऑगस्ट १९४८

अप्पा गेले. सोलापुरात, तीन दिवसांपूर्वी. एका भाषणापायी निजाम सरकारने त्यांना हद्दपार केलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. सरकारी शाळेतली नोकरी जाईल म्हणून मी, त्यांची लेक, एकदाही भेटायला गेले नाही.

त्यांचे मित्र अंकुशराव अस्थी घेऊन आले. बरोबर सिनेमाचं एक लहान रीळ. हद्दीच्या नाक्यावरून कसं आणलंत? म्हणाले, अस्थींच्या फडक्यात. ती गाठ कोण सोडतो!

अस्थी घरात घ्यायच्या नसतात. अंगणातल्या लिंबाला टांगल्या.

११ ऑगस्ट

गुरुपादय्या जत्रेत सिनेमा दाखवतो. भर दुपारी त्याच्या घरी गेले. दारं लावली, भिंतीवर धोतर ताणलं.

अप्पा! किती वाळलेले. पाय ओढत चालतात. आणि हसतात – घरी कधी हसले नाहीत.

मग हद्दीपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीतली पोरं, रांगेत. शेवटचा नरसिंह! माझा भाऊ. तहसिलीतला कारकून. हद्दीपलीकडे पाऊल टाकलं नाही म्हणतो. खांद्यावर बंदूक. अप्पा त्याची टोपी नीट करतात.

गुरुपादय्याने यंत्र थांबवलं. “बाई, मी काही बघितलं न्हाई.”

१२ ऑगस्ट

जाळायला हवं. दोनदा काडी ओढली. दोनदा विझवली.

१३ ऑगस्ट

शेजारी रझाकारांची झडती. पेट्या अंगणात उपड्या केल्या. रीळ घाईने अस्थींच्या फडक्यात बांधलं. नरसिंहाला विचारायची हिंमत झाली नाही. त्याने खरं सांगितलं तर?

१४ ऑगस्ट

शाळेतून आले. लिंबावर गाठोडं नाही!

शेजारची नागूबाई म्हणाली, नरसिंह घेऊन गेला. दहाव्याच्या आत मांजरा नदीत सोडायच्या म्हणाला.

नदीवर पोलिसांची चौकी. आणि अस्थी सोडताना गाठ सोडावीच लागते. हे मला कसं सुचलं नाही? पुण्यात कॉलेज शिकलेली बाई!

१५ ऑगस्ट

आला नाही.

१६ ऑगस्ट

पहाटे आला. डोकं भादरलेलं, पाय चिखलाने भरलेले. अस्थी सोडल्या. रीळ शिपायाने ठेवून घेतलं. तहसिलीचा माणूस म्हणून त्याला जाऊ दिलं.

“अक्का, आत काय हाय ते त्यांनी अजून बघितलं न्हाई. यंत्र शोधायलेत. तू बी चल.”

गुरुपादय्याला निरोप धाडला, यंत्र लपव म्हणून. शाळेच्या किल्ल्या नागूबाईकडे दिल्या. हद्द वीस-पंचवीस कोसांवर आहे. निघतो.