बर्फाआधी कडू झुडूप

मी, किसे नाराओका, कै. गेंजिरो नाराओका यांची पत्नी, राहणार होक्काइदो, युफुत्सूच्या दलदलीजवळची वस्ती, हे सांगते आणि नोटरी होंजोसाहेब लिहितात, कारण मला अक्षर येत नाही. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी करायचं नसतं. कोणाची जबरदस्ती नाही. घाई मात्र आहे. पानं गळून गेली, जमीन आता कधीही दगड होईल. साहेब, भरभर लिहा.

१. घर मुलगा तेत्सुओ याला. तो साप्पोरोहून पितरांच्या सणाला येतो आणि छत गळतं असं मला सांगून जातो. यापुढे छत त्याचं आणि गळतीही त्याची.

२. पोस्टातली शिल्लक आधी माझ्या क्रियाकर्माला, उरेल ती नात चिझुरू हिला. भिक्षूंनी मंत्र आटोपते घ्यावेत. गेंजिरोच्या वेळी बसलेल्यांचे पाय बधिर झाले आणि उठताना दोघं पडले.

३. घरामागचा बागेचा तुकडा वेगळा नोंदलेला आहे, तो चिझुरूला. कुदळ, पाखरांसाठीची जाळी आणि हास्कापची, म्हणजे दलदलीतल्या त्या निळ्या फळाची, सगळी झुडपं तिचीच. पोरी, हास्काप निळं झालं म्हणजे पिकलं नव्हे. नुसता हात लागला की गळून पडेल, तेव्हा पिकलं. तेत्सुओची बायको निळं दिसताच तोडते आणि मग आंबट म्हणून तोंड वाकडं करते. तिच्या हाती टोपली देऊ नये.

४. आता खरं कलम. बंदरासाठी दलदल बुजवायला लागले, तेव्हा आम्ही हातगाडीवरून हास्कापची दोन झुडपं उपटून आणली. एक गोड, एक कडू. गेंजिरोने गोड मला दिलं आणि कडू शेजारच्या घरात राहणाऱ्या त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या नणंदेला, इशिनोला. "गोड झुडूप मला आधी दिसलं होतं," असं ती तेव्हापासून म्हणते. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. पुढे सगळ्या वस्तीने माझ्याच झुडपाच्या फांद्या नेऊन लावल्या. कडू कोण मागतो? दोष माझा नाही, लोकांच्या जिभेचा आहे.

मग एका हिवाळ्यात बर्फाने इशिनोचं झुडूप मोडलं. वसंतात आमच्या सगळ्यांकडे फुलं भरपूर, फळ एक नाही. शेतकी केंद्रातला माणूस म्हणाला, "आजी, एका फांदीची सगळी झुडपं म्हणजे एकच झाड. फळ धरायला जवळ दुसऱ्या वाणाचं हवं." ते मोडकं पुन्हा फुटलं, तेव्हा आम्हाला फळ दिसलं. आता इशिनो लेकीकडे साप्पोरोला चालली आहे. सोमवारी यंत्र येऊन तिचं घर पाडणार, आणि झुडूपही त्याच्याखाली जाणार. म्हणून तिला आज साक्षीदार केलं. साक्षीदाराला उठून जाता येत नाही.

साहेब, ती काय बोलते तेही लिहा.

"वहिनी, मला ऐकवायला एवढा घाट? कुंपणावरून हाक मारली असती तर घसा बसला असता?"

"तू खिडकी लावून घेतली असतीस."

"घेतलीच असती! पण हाक तर ऐकू आली असती."

लिहा : मी इशिनोकडे तिचं झुडूप मागते.

होंजोसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात देता येतं, मागता येत नाही. बरं, मग देते. सासूबाईंची हास्काप खारवायची दगडी बरणी इशिनोला. साहेब म्हणतात, तेही नाही. जिला काही मिळतं तिला साक्षीदार होता येत नाही. हा कायदा कोणा नणंदेनेच केला असणार.

"तोंडाने मागा, वहिनी. कागदाआड लपू नका."

साहेब, लेखणी खाली ठेवा.

(यापुढील बोलणे मृत्युपत्र करणाऱ्या बाईंच्या इच्छेनुसार लिहिलेले नाही. त्यानंतर सर्वजण अंगणात गेले. जमिनीचा वरचा थर कडक झाला होता. परतल्यावर लेखन पुढे सुरू केले. — होंजो)

घ्या, लिहा. बरणीचं कलम खोडा. ती मी जिवंतपणी, हाताने दिली. बरणी पाहून बाईने तिथेच नाक मुरडलं, "कडेला टवका उडालाय" म्हणाली. उडवला कोणी ते तिला विचारा.

५. कडू झुडूप आता माझ्या बागेत, गोडाशेजारी आहे. तेही चिझुरूचं. पहिली दोन वर्षं ते रुसेल, त्याला बोलू नये. वस्तीतलं कोणी गोडाची फांदी मागायला आलं, तर कडूचीही फांदी हातात द्यावी. दोन्ही नेणार नसेल, तर चहा पाजून रिकाम्या हाताने पाठवावं.

६. दर उन्हाळ्यात पहिला तोडा साप्पोरोला इशिनोकडे... साहेब मान हलवताहेत. बरं, खोडा. चिझुरू, तिथे दाराशी बसून तू ऐकलंस ना? मग झालं.

हे सर्व मला व साक्षीदारांना वाचून दाखवले. बरोबर आहे.

स्थळ : नाराओका यांचे घर. हेइसेई तिसरे वर्ष (इ.स. १९९१), ९ नोव्हेंबर.

साक्षीदार :
१. इशिनो कामेगाया
२. योशिहाचि उएमात्सु, तांदळाचे दुकानदार

मृत्युपत्र करणाऱ्या बाईंना अक्षर येत नसल्याने त्यांचे नाव मी लिहिले असून शिक्का त्यांनी स्वतः उमटवला आहे. शेवटच्या पानावरील मातीचा डाग साक्षीदार क्र. १ यांच्या हाताचा आहे. तो पुसण्यास दोघींनीही नकार दिला.

— होंजो, नोटरी