नानांना खाली घ्यायचं

नाशिक, रविवार, १० जानेवारी १९८२

नानांचा कॅन्सर हाडांत गेलाय. नुसती कूस बदलली तरी ओरडतात. आज डॉक्टरांना अंगणात गाठून विचारलंच, झोपेचं औषध जरा जास्त देता येणार नाही का. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, कायद्यानं तो खून होतो. आणि माझ्याच्यानं व्हायचंही नाही."

नानांनी ऐकलं असावं. संध्याकाळी म्हणाले, "मंग मला खाली घे."

शेवटची घटका आली की माणसाला खाटेवरून जमिनीवर घेतात, घोंगडीवर. पण ती घटका कुठे आलीय? नानांना वाटतं, खाली घेतलं की जीव सुटेल. मी म्हटलं, अजून वेळ नाही झाली.

"वेळ झाल्यावर कुणीबी घेईल. तू माझी लेक हाय."

हा तर खून नाही ना? कुठला कायदा आड येतोय? जमीन सारवली, घोंगडी अंथरली. पाठीखाली हात घातला, तर त्यांनी माझ्या गळ्याला मिठी घातली. मला उचलवेना. वजन तर काही उरलेलंच नाही त्यांचं.

घोंगडी अजून अंथरलेलीच आहे. नाना खाटेवरून तिच्याकडेच बघतायत. गुंडाळून ठेवायचाही धीर होत नाही. आज मीच निजते तिच्यावर, म्हणजे त्यांना ती रिकामी दिसायची नाही.