पितळेचं जेट आणि इंग्लंडची वाटणी

१९ सप्टेंबर, शुक्रवार. चहा झाल्यावर.

माइक दाबला आहे. नातीने, ईशानीने शिकवलं. आजी, जस्ट टॉक, इट विल टाइप. मला अक्षर येत नाही, म्हणजे माझी रोजनिशी मलाच वाचता येणार नाही. बाकीच्यांना मराठी वाचायचा कंटाळा. याहून सुरक्षित जागा दुबईच्या या अख्ख्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत नाही.

आज नवरात्राची भांडी घासली. चिंच, मीठ आणि काथ्या. समया, ताम्हन, निरांजनं. बाल्कनीत एका ताटलीत आणखी काही काळे पडलेले पितळी तुकडे होते. पितळ ते पितळ. तेही घासले. सोन्यासारखे निघाले. एक छोटंसं बोंडूक मात्र ओल्या हातातून निसटलं आणि सिंकमधून खाली गेलं.

निरांजनाचंच असणार काहीतरी. ताटली होती तिथे ठेवून दिली.

२० सप्टेंबर, शनिवार.

निरांजनाचं नव्हतं.

माझा मुलगा नागेश याच्याकडे एक जुनी इंग्लिश मोटरसायकल आहे. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली. दर रविवारी पहाटे हे पन्नाशीला आलेले बाप्ये ग्रुपने रास अल खैमाच्या डोंगरावर जातात आणि तिथे चहा पिऊन परत येतात. चहा घरीही मिळतो, पण ते असो.

गाडी बघतो खैरुद्दीन. आमच्याच बाजूचा, दापोलीचा. एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. शुक्रवारी नमाज झाली की आमच्याकडे येतो, काम करतो, मला काकी म्हणतो, कालवण मागून घेतो. काल त्याने कार्बोरेटर उघडून त्याचे तुकडे ताटलीत ठेवले आणि ब्रश आणायला खाली गेला, तो गॅरेजचा फोन आला म्हणून तिथूनच निघून गेला. आज जोडायला बसला तर जेट नाही. बाकीचे तुकडे चकचकीत बघून त्याला वाटलं नागेशने घासले, नागेशला वाटलं त्याने. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं पितळेचं बोंडूक. एवढंसं, आणि नाव विमानाचं.

खैरुद्दीन म्हणाला, मी इथेच ठेवलं होतं. नागेश म्हणाला, मग गेलं कुठे, पाय फुटले? आवाज चढले. नागेशने मलाही विचारलं, आई, तू पाहिलंस का? माझ्या हातात जपमाळ होती. जप करताना बोलत नाहीत.

खरं सांगायचं तर माळ प्रश्नानंतर घेतली. पण घेतली.

उद्या सकाळी सांगून टाकते.

२१ सप्टेंबर, रविवार.

आज सर्वपित्री अमावस्या. आजच्या दिवशी घरात वाद नको. उद्या घट बसले की सांगते.

२४ सप्टेंबर, बुधवार.

घट बसल्यावर कसलं सांगता येतंय. नऊ दिवस घरात देवी असते.

पण आता सांगायची गरजच उरणार नाही. इंग्लंडच्या एका दुकानात तसलंच जेट मिळालं. मात्र दुबईला पाठवायचं कुरिअर जेटपेक्षा महाग. नागेश दिरहॅम सांगायचा, मी रुपये करायची आणि दोघांनाही वाईट वाटायचं. तेव्हा उपाय सुचवला तो मी. सूनबाईची, म्हणजे संजनाची, बहीण समिधा आयर्लंडला डब्लिनमध्ये असते. दिवाळीला इकडे येणार आहे. इंग्लंडहून तिच्याकडे मागवा, शेजारच्या शेजारी. तिथून ती पर्समध्ये टाकून आणेल.

नागेश म्हणाला, आई, तू लॉजिस्टिक्समध्ये हवी होतीस. मी म्हटलं, तुझ्या बाबांना कोर्टाची तारीख आणि मुंजीचा मुहूर्त एका एसटीत जमवून दिला होता, हे काय मोठं.

म्हणजे नवं जेट येणार, गाडी सुरू होणार, खैरुद्दीनवरचा राग आपोआप उतरणार. जे आपोआप होणार आहे त्यात आपण तोंड घालू नये.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

दरवर्षी आज खाली पार्किंगमध्ये गाडीची पूजा असते. खैरुद्दीन आपले पाने-पक्कड फडक्यात बांधून आणतो, गाडीशेजारी मांडतो आणि म्हणतो, काकी, यांनापण फूल द्या, वर्षभर राबतात. मी म्हणते, राबतोस तू, भाव खातात हे. मग वर येऊन पुरणपोळी खातो. तुपावरून भांडतो.

आज आला नाही. संजनाने बोलवायचं का विचारलं, तर नागेश म्हणाला, चूक कबूल करेल तेव्हा येईल. मला ठसका लागला.

वर कळलं की नागेशने ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगून टाकलंय, त्या गॅरेजला गाड्या देऊ नका, तिथे सामान हरवतं. ग्रुपच्या सगळ्या गाड्या खैरुद्दीनच्याच हाताखालून जातात.

बंद गाडीला हार घातला. दसऱ्याला सोनं देताना सांगते. नक्की.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सोनं दिलं.

६ ऑक्टोबर, सोमवार.

समिधाचा फोन. पार्सल डब्लिनला पोचलंय पण कस्टममध्ये अडकलंय. टॅक्स भरा, वर टॅक्स मोजल्याची फी भरा. दोन्ही मिळून जेटच्या वर जातंय.

मी म्हटलं, शेजारच्या घरातून वाटीभर साखर आणली तर टॅक्स कसला? तेव्हा ईशानीने समजावलं. आजी, इट्स ब्रेक्झिट. पूर्वी ते सगळे देश एकत्र कुटुंब होते. माल इकडून तिकडे गेला तरी कोणी विचारत नसे. मग इंग्लंडने वाटणी मागितली. आता भिंत घातली आहे, आणि भिंतीवरून काही द्यायचं तर कागद, कोड, शिक्का.

हे मला लगेच कळलं. माझ्या सासरी असंच झालं होतं. मोठे दीर वेगळे झाले तेव्हा म्हणाले, काही फरक पडणार नाही. मग जाऊबाई विहिरीवर आली की माझी सासू तिच्या घागरी मोजायला लागली.

एकूण दोष इंग्लंडचा. माझ्या हातून गेलं ते एक बोंडूक. त्यांनी अख्खी वाटणी केली. दिवसभर हलकं वाटलं. संध्याकाळी दाराची बेल वाजली तर वाटलं खैरुद्दीन. भाजीवाला होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

पार्सल इंग्लंडला परत गेलं. दुकानदाराने कागदावर नुसतं ‘जेट’ लिहिलं होतं. कसलं जेट, कशाचं, कुठे बनवलेलं, काहीच नाही. अर्धवट कागद चालत नाही. पूर्वी कागदच लागत नव्हता, म्हणून बिचाऱ्याला सवय नाही.

मी म्हटलं, नाव विमानाचं आहे, गेलं उडून. कोणी हसलं नाही. नागेश उठून बाल्कनीत गेला.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

दुकानदाराचा निरोप. वय झालंय, या कागदांच्या मागे लागणं जमत नाही, देशाबाहेर माल पाठवणं बंद. सॉरी. नागेशला दुसरीकडे जेट मिळालं, पण मापात बसत नाही. म्हणतो, खलास, विकून टाकतो गाडी.

त्याहून वाईट पुढे. संजनाला सुपरमार्केटमध्ये खैरुद्दीन भेटला. खाली मान घालून निघाला होता, तिनेच थांबवलं. मालक विचारतोय म्हणे, तुझं गिऱ्हाईक एकाएकी कुठे गेलं. काम नाही तर तुला रास अल खैमाच्या शाखेत टाकतो. तिथे पगार कमी. दापोलीला घराचा स्लॅब अर्धवट आहे, दिवाळीनंतर टाकायचा होता.

संजना हे सांगत होती तेव्हा मी तांदूळ निवडत होते. हल्ली तांदळात खडे नसतात. तरी निवडले.

आता उपास धरते. सांगेपर्यंत भात नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

उपासाने पित्त झालं. संजनाने जबरदस्तीने भात वाढला. तिचं मन मोडवेना.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस.

आज सगळं झालं. क्रमाने सांगते.

दुपारी बेल वाजली. खैरुद्दीनच होता. आत यायला तयार नाही, दारातच उभा. त्याचा मावसभाऊ अबरार इंग्लंडात टॅक्सी चालवतो, गावी जाताना दुबईत उतरला. त्याने, संजनाने सुपरमार्केटमध्ये नाव सांगितलेल्या त्या म्हाताऱ्याच्या दुकानात स्वतः जाऊन जेट घेतलं आणि शर्टाच्या खिशात टाकून आणलं. ना कुरिअर, ना कोड. माझ्या सगळ्या लॉजिस्टिक्सपेक्षा तो खिसा हुशार निघाला.

खैरुद्दीनने पुडी नागेशच्या हातात दिली. पैसे घेईना. म्हणाला, “नागेशभाई, माझ्याच हातून हरवलं असेल. आधी खात्री होती, की ठेवलं होतं. आता मलाच नक्की आठवत नाही. माफ करा.”

मला हे सहन झालं नाही. जेट गेलं ते गेलं, पण ह्या पोराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं माझ्यापायी खोटं मानलं. मी उठले. गुडघा वाजला, सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“खैरू, जेट मी घासलं. चिंच लावून. माझ्याच हातून सिंकमध्ये गेलं.”

 मग नागेश हसायला लागला. म्हणाला, आई, कार्बोरेटर काय ताम्हन आहे? ईशानीने मला मिठी मारली. आजी, यू आर सो स्वीट. नागेशने खैरुद्दीनच्या पाठीवर हात ठेवला. बघ, तुझी बाजू सावरायला ही काय काय रचतेय. चल, आत ये, झालं गेलं विसरू.

मी परत म्हटलं, अरे खरंच. त्यावर आणखी हशा. माझंच करणं भोवलं. ह्या ईशानीला ती सात वर्षांची होईपर्यंत मी सांगत होते की उंट अंडी घालतो. ह्या घरात माझ्या ‘खरंच’ला काही किंमत नाही.

खैरुद्दीन हसला नाही. त्याचे डोळे भरले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काकी, माझ्यासाठी खोटं नका बोलू. सणाचा दिवस आहे.”

तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात संजनाने शंकरपाळ्यांची बशी पुढे केली. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मी एक शंकरपाळं तोंडात टाकलं.

एकूण, मी सांगितलं. स्पष्ट मराठीत, चारचौघांत. विश्वास ठेवायचा की नाही तो त्यांचा प्रश्न.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

गाडी सुरू झाली. बिल्डिंगभर आवाज. नागेशने ग्रुपमध्ये कळवलं: खैरुद्दीनकडून चूक झाली होती, त्याने स्वखर्चाने भरून दिली, माणूस प्रामाणिक आहे, गाड्या त्याच्याकडेच द्या. ईशानीने मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, त्यातलं ‘चूक झाली होती’ तेवढं काढता येईल का? ती म्हणाली, आजी, इट्स फाइन, एव्हरीबडी फर्गेव्ह हिम.

रास अल खैमाची बदली टळली. हे चांगलं झालं. हे तरी चांगलं झालं.

दुपारी खैरुद्दीनच्या आईचा दापोलीहून व्हिडिओ कॉल आला. माझ्याच वयाची, डोक्यावर पदर, मागे न झालेला स्लॅब आणि वर आलेल्या सळया. म्हणाली, पोराने सगळं सांगितलं. परक्या मुलखात माझ्या लेकाची चूक तुम्ही आपल्या अंगावर घेतलीत. आजपासून प्रत्येक नमाजेत तुमच्यासाठी दुवा मागेन. आणि त्याला जरा रागवा, लहानपणापासून वेंधळा आहे.

मी म्हटलं, बहिणी, तो वेंधळा नाही. ती म्हणाली, का हो, मग कोण?

मी फोन तोंडापासून लांब धरला आणि म्हटलं, ऐकू येत नाहीये, नेटवर्क नाही.

नेटवर्क चांगलं होतं.