हॉलमधलं सागवान

१२ एप्रिल
हॉलची फरशी बघवत नाही. आमच्या लग्नाच्या वेळची मोझॅक. रंग शिळ्या वरणाचा, भेगांत मुंग्या, कोपऱ्यात तेलाचे डाग. छी! पुढच्या महिन्यात अकोल्याचे पाहुणे त्यांच्या विपुलसाठी आचलला बघायला येणार. लेकीचं आयुष्य या फरशीवर ठरणार? निर्णय झाला. सागवानी फ्लोअरिंग. बायकोला, सुभद्राला सांगितलं, तर म्हणते, ते पोरगी पाहाले येऊन राहिले, जमीन नाई. हिला टेस्ट म्हणून नाहीच.

१६ एप्रिल
परतवाड्याहून सागाच्या पट्ट्या आणल्या. आचल म्हणाली, बाबा, मी आणि विपुल फोनवर बोलतोय, जमतंय आमचं, तुम्ही घर कशाला फोडता? पोरांना गांभीर्य नाही.

१८ एप्रिल
मोतीराम मिस्त्री आला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. बोलताना माझ्या पट्ट्यांवर लाल तुषार. किळस आली. हाकलून दिला. मी रिटायर्ड इंजिनिअर. जन्मभर पूल बांधले. पट्ट्या चिकटवायला मिस्त्री कशाला? मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. अर्धा. पुढचं समजलं.

२१ एप्रिल
मोझॅक उखडली. खाली ओल, कुबट वास आणि झुरळं. एक पायजम्यात शिरलं. उलटी झाली. सुभद्रा म्हणाली, आधी वाळू द्या. वेळ कुठे आहे? लाकडाखाली वाळेल आपोआप.

२४ एप्रिल
गोंदाचा वास मेलेल्या उंदरासारखा. पाटवडी खाल्ली, तीही गोंदाचीच लागली. कंबर गेली. पण अर्धा हॉल झाला. रांग जराशी तिरपी आहे. मुळात खोलीच तिरपी बांधलेली.

३० एप्रिल
पूर्ण! नियम जाहीर केले. चप्पल नाही, पोछा नाही, कूलर नाही. कूलरच्या ओलाव्यानं लाकूड फुगतं. सुभद्रा म्हणाली, अमरावतीत मे महिन्यात बिना कूलरचं ठेवून मले मारता काय? संयम शिक, म्हणालो.

५ मे
भट्टी. स्वतःच्याच घामाची शिसारी येते. सुभद्रा आणि आचल दुपारी शेजारच्या ज्योत्स्नाबाईंकडे पडायला जातात. निष्ठा नाही कुणालाच. कूलर पाच मिनिटं लावला. केवळ लाकडाची टेस्ट म्हणून. डोळा लागला.

५ मे, संध्याकाळ
टाकी गळली. हॉलभर पाणी. कूलर बनवणारे नालायक.

७ मे
पट्ट्या फुगल्या. मधोमध उंटाची पाठ. एक दाबली की दुसरी उठते, फटीतून काळं, चिकट पाणी वर येतं. त्यात एक झुरळ. जिवंत. घाण, घाण, घाण! दोन दिवसांत बसेल.

९ मे
बसली नाही. उंचवट्यावर सोफा ठेवला. सोफा डुलतो.

११ मे
पाहुणे येऊन गेले. विपुलची आई चंदाबाई दारातून आत येतानाच अडखळल्या. आचलनं सावरलं. मग त्यांनी निघेपर्यंत तिचा हात सोडलाच नाही. पसंती झाली. पेढे वाटले. दोन तास बसले, पण सागवानाबद्दल कुणी चकार शब्द काढेना. शेवटी मीच विचारलं, हॉल कसा वाटला? विपुलचे वडील खुशालराव चौफेर बघून मोठ्या प्रेमानं म्हणाले, काम चालूच हाय वाट्टे अजून. घाई नका करू, लग्नापर्यंत होऊन जाईन.
सुभद्रा माझ्याकडे बघत होती.
मी म्हणालो, हो, होऊन जाईल.