आमच्या गाडीची पुढची सीट चौदा महिने रिकामी का होती

तीर्थरूप मामांना,

नमस्कार. वाकून केला आहे असं समजा (दुकानात टेबलाशी बसून लिहिते आहे, खरोखर वाकले तर गिऱ्हाइकाला वाटेल चष्म्याचा स्क्रू पडला, आणि तेही शोधायला लागेल). तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेता ना, की आठवेल तेव्हा? मामींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक. सासूबाईंचा नवा गुडघा जुन्यापेक्षा जास्त समजूतदार आहे असं त्यांचं मत आहे. आमचे हे निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रोज साडेनऊला बूट घालून तयार होतात आणि मग घरातल्या घरात फिरतात. पत्राचं कारण पुढे येईलच. आधी आमच्या गाडीची हकिगत ऐका. फोनवर मी ती तीनदा सुरू केली, पण तुम्ही मध्ये बोलता. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून आज बसलेच लिहायला.

दीडेक वर्षापूर्वी गाडीच्या कंपनीचं एक पत्र आलं. कागद इतका गुळगुळीत की मला वाटलं कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. आत लिहिलं होतं की तुमच्या गाडीत चालकाच्या शेजारच्या सीटसमोर जी एअरबॅग बसवली आहे, ती अपघाताच्या वेळी जरुरीपेक्षा जोरात फुटू शकते आणि तिच्यातून धातूचे तुकडे उडू शकतात. म्हणजे बघा मामा, जी वस्तू आपल्याला वाचवायला ठेवली, तिच्यापासूनच आपण वाचायचं. पुढे लिहिलं होतं की दुरुस्ती मोफत करून देऊ, सुटा भाग येताच कळवू, तोपर्यंत त्या सीटवर कोणीही बसू नये. आणि खाली, आपली सुरक्षा हाच आमचा आनंद. त्या आनंदाखाली कोणाची सही नव्हती.

आता त्या सीटवर कोण बसायचं? हे बसायचे. गाडी मी चालवते आणि हे शेजारी बसून सांगतात, अशी आमच्या घरातली वाटणी आहे. सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे गावातला प्रत्येक रस्ता आपण काढला म्हणूनच तिथे आहे असं त्यांना मनातून वाटतं. डावीकडे घे, आता नको, आता घे, घ्यायला हवं होतंस. शिवाय त्यांच्या पायाखाली ब्रेक नाही, पण ते तो दाबतात. त्या जागची चटई झिजून भोक पडलं आहे आणि माझ्या ब्रेकखालची चटई अजून कोरी आहे. पत्र वाचून झाल्यावर हे म्हणाले, लाखात एखादी फुटत असेल. सासूबाई चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "मला मुलगा एकच आहे. मागे बस."

त्या दिवसापासून हे मागे, सासूबाईंच्या शेजारी. मागून त्यांना फक्त माझं डोकं दिसायचं, रस्ता दिसायचा नाही, त्यामुळे सूचना उशिरा यायच्या. डावीकडे घे असं ऐकू यायचं तेव्हा मी डावीकडे जाऊन, काम उरकून, परत निघालेली असायचे. पहिल्या आठवड्यात मला इतकं हलकं वाटलं की एकदा लाल दिव्याशी उभी असताना मी चक्क गुणगुणले. सासूबाईंनी मागून विचारलं की गाडीतून कसला आवाज येतोय, तोही त्या पत्रात लिहिला आहे का. रिकाम्या सीटवर मी काचांची खोकी ठेवू लागले. खोक्यांच्या वजनाने गाडीला वाटायचं माणूस बसला आहे, आणि पट्टा लावा म्हणून ती टुंग टुंग करायची. शेवटी खोक्यांना पट्टा बांधला. ओळखीची माणसं गाडीत डोकावून बघायची: खोकी पुढे ऐटीत पट्टा लावून, आणि घरचा कर्ता पुरुष मागे आईशेजारी दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन.

चार आठवड्यांत भाग येईल असं पत्रात होतं. सहा आठवडे झाल्यावर मी त्यांच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. तिथे आधी बासरी वाजते. बासरी संपली की एक गोड आवाजाची मुलगी गाडीचा चासी नंबर विचारते. सतरा अक्षरं आणि आकडे. मी चष्म्याच्या धंद्यात असून मला ते वाचताना चष्मा लागला. सगळं टिपून घेऊन ती म्हणाली, भाग कारखान्यातून निघाला आहे. पुढच्या महिन्यात म्हणाली, बंदरात आहे. मग जहाजात. मग दुसऱ्या बंदरात, कारण पहिल्या बंदरात गर्दी होती. प्रत्येक वेळी ती इतक्या मायेने सांगायची की फोन ठेवल्यावर आपणच काहीतरी चुकलो असं वाटायचं.

इथे ह्यांच्या हाताला काम मिळालं. त्यांनी जेवणघराच्या भिंतीवर एक मोठा नकाशा लावला (माझं कॅलेंडर काढून) आणि प्रत्येक फोननंतर त्यावर तारीख लिहून टाचणी टोचू लागले. टाचण्यांना दोरा. समुद्रावरून वळण घेत येणारा तो दोरा बघत आम्ही रोज जेवायचो. सासूबाईंना एअरबॅग हा शब्द आवडत नाही, म्हणून त्या नुसतं "तो" म्हणायच्या. कुठवर आला तो? अजून जहाजातच आहे का? पाणी लागत नसेल ना त्याला? पलीकडच्या घरातल्या बाईंनी हे खिडकीतून ऐकलं आणि आमच्याकडे परदेशातून कोणीतरी यायचं आहे असा समज करून घेतला. येणाऱ्यासाठी जादा गादी हवी आहे का असं त्यांनी मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी हो म्हणाले, कारण समजावून सांगण्यापेक्षा गादी ठेवून घेणं सोपं होतं.

मध्ये तीन वेळा आम्हाला सर्व्हिस सेंटरवर बोलावलं. तिथे मोठा काळा सोफा आहे, त्यावर बसलं की माणूस आत जातो आणि परत वर यायला कोणीतरी हात द्यावा लागतो. पहिल्या खेपेला आमची गाडी आत नेली, दोन तासांनी बाहेर आणली, आणि सांगितलं की भाग आलाच नाही पण गाडी धुतली आहे. दुसऱ्या खेपेला भाग आला होता पण दुसऱ्या बाजूचा होता, गाडी धुतली. तिसऱ्या खेपेला ज्याने बोलावलं तो रजेवर होता, गाडी धुतली आणि एक स्टिकर लावला, "या सीटवर बसू नये." तो त्यांनी अशा जागी लावला की सीटवर बसल्याशिवाय वाचता येत नाही. मामा, आमची गाडी आयुष्यात इतकी स्वच्छ कधी नव्हती.

मग पाचव्या महिन्यात गोड मुलीने सांगितलं की भाग तुमच्या जवळच्या सेंटरवर पोचता झाला आहे. ह्यांनी शेवटची टाचणी टोचली, सासूबाईंनी बसल्या जागी हात जोडले. सेंटरवर विचारलं तर तिथले साहेब म्हणाले, आमच्याकडे तुमच्या नंबराचं काही आलेलं नाही. मुलीला विचारलं तर पोचला. साहेबांना विचारलं तर नाही. दोघंही दिलगीर. असे नऊ महिने गेले. मामा, भांडायला समोर उद्धट माणूस लागतो. इथे एकही मिळेना.

आणि मग सासूबाईंचं ऑपरेशन झालं. हे तुम्हाला माहीत आहे, पण मधली गोष्ट माहीत नाही. घरी सोडायच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी सांगितलं की गाडीतून नेताना पाय सरळ हवा, पुढची सीट पूर्ण मागे सरकवून त्यांना पुढेच बसवा. रुग्णवाहिका बोलावू म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, मी बसून आले आहे, आडवी होऊन घरी जाणार नाही. टॅक्सी म्हटलं, तर परक्याच्या गाडीत पाय पसरून बसणार नाही. आपल्याच गाडीत एकदा दहा मिनिटं बसल्याने काय होतंय, असं नर्स म्हणाली. मामा, तेव्हा पहिल्यांदा माझं हसणं गेलं. चौदा महिने ज्याची थट्टा केली ते तुकडे मला डोळ्यांसमोर दिसायला लागले, आणि त्यांच्यासमोर आमची ही म्हातारी, नवा गुडघा घेऊन.

ह्यांनी घरी जाऊन भिंतीवरचा नकाशा उतरवला, टाचण्यांसकट गुंडाळला, आणि आम्ही थेट सेंटर गाठलं. सोफ्यावर बसायचं नाही असं मला आधीच बजावलं. साहेबांच्या टेबलावर त्यांनी तो उलगडला आणि एकेक तारीख बोट ठेवून दाखवत गेले. आवाज चढवला नाही. तीस वर्षं ज्या आवाजात ते जमिनीच्या हद्दी समजावून सांगत होते त्याच आवाजात म्हणाले, "ही शेवटची टाचणी. ही तुमच्या इमारतीत आहे. माझी आई परवा घरी यायची आहे. आपण दोघं मिळून शोधू या." साहेबांनी दोऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. इतके दिवस ते फक्त कॉम्प्युटर बघत होते, त्यात एवढा समुद्र दिसत नसावा. ते उठले, आणि आम्हाला मागच्या गोदामात घेऊन गेले.

गोदामात छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, आणि त्या सगळ्यांचे धनी म्हणजे एक काका, साठीला टेकलेले. आम्ही नंबर सांगितला. ते एकेक खोकं काढायचे, हात पूर्ण लांब करून धरायचे, मान मागे न्यायचे, डोळे बारीक करायचे आणि वाचायचे. मामा, माझी सत्तावीस वर्षं माणसं कागद कसा धरतात हे बघण्यात गेली आहेत. मी पर्समधून वाचायचा चष्मा काढला (दुकानाचे दोन-तीन नेहमी असतात) आणि म्हटलं, काका, जरा हा लावून बघा. त्यांनी आधी नको म्हटलं, मला लागत नाही म्हणाले, मग माझा मान राखायला लावला. हातातलं खोकं हळूहळू छातीपाशी आलं. मग फळीकडे वळून त्यांनी कोपऱ्यातलं, धूळ बसलेलं एक खोकं उचललं आणि स्वतःशीच म्हणाले, "हा आठ आहे. मी इंग्रजी बी लिहून ठेवला."

झालं. आमच्या आठचा त्यांनी वहीत बी केला, वहीतून तो कॉम्प्युटरात गेला, आणि आमचा भाग नऊ महिने जगात नसलेल्या एका गाडीची वाट बघत पडून राहिला. तेसुद्धा ज्या भिंतीला पाठ लावून आम्ही सोफ्यात रुतलो होतो त्याच भिंतीच्या पलीकडे. काकांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, चष्मा लागला म्हणून सांगितलं असतं तर या वयात गोदामातून काढतील असं वाटलं. साहेब म्हणाले, काढणार कोण, तुमच्याशिवाय इथे कोणाला काय सापडतंय? आणि स्वतःच्याच बोलण्याचा अर्थ लक्षात येऊन ते हसायला लागले. मग काका हसले, मग मी, आणि शेवटी हेसुद्धा, नकाशा छातीशी धरून, इतके की दोन टाचण्या गळून पडल्या.

भाग बसवायला चाळीस मिनिटं लागली. (गाडी धुतलीच.) दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले, मी त्यांचे डोळे नीट तपासून चष्मा करून दिला, आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्यांना आणखी अकरा घरांची हरवलेली खोकी सापडली. सासूबाई सीट मागे सरकवून, पाय लांब करून, महाराणीसारख्या घरी आल्या. तेव्हापासून ती जागा त्यांनी सोडलेली नाही. गुडघा आता पूर्ण वाकतो, पण गाडीत तो वाकत नाही. मागे ह्यांना आता आई आणि बायको दोघींची डोकी दिसतात आणि रस्ता अजिबात दिसत नाही. ते पुस्तक वाचतात.

मामींना नमस्कार. सासूबाईंनी तुम्हाला आशीर्वाद सांगितला आहे, जो त्या वयाने तुमच्याहून मोठ्या असल्यामुळे तुम्हाला घ्यावाच लागेल.

तुमची भाची,
चष्मेवाली

ता. क. तुमची गाडी तुम्ही माझी बघून, माझ्याच पाठोपाठ, तश्शीच घेतलीत. हे पत्र वाचताना ते तुमच्या लक्षात आलं असेल. मी मुद्दाम विषय काढला नाही. मी मामींकडून फोनवर तुमचा चासी नंबर घेऊन साहेबांना दिला. कंपनीने तुम्हाला पाच पत्रं पाठवली आहेत. तुमच्या गाडीत दोष शेजारच्या बाजूला नाही, चालकाच्या बाजूला आहे. म्हणजे तुमच्यासमोर. ती चालवायचीच नाही. खोकं इथे तिसऱ्या फळीवर आहे, नंबर मी स्वतः दोनदा वाचला. सोमवारी सकाळी दहाला गाडी उचलून न्यायला ट्रक येईल. कृपा करून ट्रकवाल्याशी वाद घालू नका.

आणखी एक. ती पाच पत्रं मामींकडे आहेत. तुम्ही कंपनीशी भांडायला जाल आणि रक्तदाब वाढवून घ्याल या भीतीने त्यांनी ती दाखवली नाहीत. मला म्हणाल्या, तू लिही, लांबलचक लिही, आधी त्यांना हसू दे आणि मग सांग. तुम्ही हसला असाल तर बरं. नसाल तर ता. क. वाचायच्या आधी गोळी घ्या, असं आधीच लिहायला हवं होतं.

शेवटचं. गेले तीन आठवडे तुम्ही घरभर गाडीची किल्ली शोधताय, आणि वय झालं, विसरायला लागलो म्हणून मनाला लावून घेतलंय, असं कळलं. तुम्ही काहीही विसरलेला नाही. मामींनी उजवी मूठ उघडावी असं त्यांना माझ्याकडून सांगा.