चौथी राणी

प्रिय विसरभोळे,

जन्मलीस तेव्हा तू रडायलाच विसरली होतीस. नर्सनं पाठीवर दोन चापट्या दिल्या तेव्हा कुठं आठवलं. पुढं शाळेत जाताना दप्तर विसरलीस, परीक्षेला जाताना पेन विसरलीस, आणि घर सोडून गेलीस तेव्हा चष्मा विसरलीस. चष्मेवाल्याची मुलगी चष्म्याशिवाय परगावी गेली, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, दुकानाची अब्रू जाईल. आणि आता गेल्या रविवारी आजीचा फोन लागला नाही, तर म्हातारी आहे की आटोपली याची चौकशी करायलाही विसरलीस. आहे मी. फोनही आहे. बिघडलेला नाही, माझ्या उशीखाली आहे आणि बंद मी केलाय. का, ते सांगते, पण मला सुचेल तसं सांगेन. मध्ये घाई करायची नाही.

अक्षर ओळखलंस ना? उभं, किरटं, नंबरांच्या चिठ्ठीवर असतं तसं. होय, तुझा बापच लिहितोय. मला अक्षरं येत नाहीत आणि माझा मुलगा म्हणून त्याला नाही म्हणता येत नाही. शेजारच्या शिवणवाल्या बाईकडून लिहून घेता आलं असतं, पण मग त्याचा काही उपयोग नव्हता. त्यानं आधीच अट घालून पाहिली, आई थोडक्यात सांग. मी म्हटलं, सांगणारी मी, तू नुसता हात. मी बोलेन ते सगळं उतरवायचं, तुझ्याविषयी असलं तरी. मला वाचता येत नसलं तरी मी बोलत असताना पेन हलतंय की नाही एवढं मला दिसतं. आत्ता हलतंय.

तुझ्या माशांच्या टाकीत परत ते पांढरे ठिपके आलेत. परत म्हणजे कितव्यांदा ते तू विचारू नकोस. पहिल्यांदा मीच पाहिले होते. तू जाऊन सहा-सात महिने झाले असतील. तुझ्या निळ्या मासळीच्या, राणीच्या, पंखांवर कोणी मीठ भुरभुरवल्यासारखं दिसत होतं. मी याला म्हटलं, अरे खाऱ्या पाण्यात राहते ती, मीठच बसलं असेल, फडक्यानं पूस. हा हसला नाही. दुकानातली भिंगं घेऊन आला, डोळ्याला लावून टाकीपाशी बसला, आणि म्हणाला, आई, हे जिवंत आहे. दुसऱ्या दिवशी मासे दगडांवर अंग घासायला लागले, श्वास तर असा घ्यायचे जसा मी तिसऱ्या मजल्यावर चढून आल्यावर घेते. मग चार-पाच दिवसांत ठिपके आपोआप गेले. आम्हाला वाटलं, सुटलो. तुझ्या बापानं त्या दिवशी शीळ घातली होती, मी ऐकली. आठवड्यानं ठिपके परत आले, दुपटीनं. तो किडा म्हणे माशाच्या अंगावरून गळतो, खाली वाळूत जाऊन घर करतो, एकाची शेकडो पोरं होतात आणि सगळी परत मासा शोधत वर येतात. गेला असं वाटतं तेव्हा तो जोर काढायला गेलेला असतो. मला हे ऐकून काही नातेवाईक आठवले. (हे त्यानं लिहिलं का? लिहिलं म्हणतोय. हसतोयही थोडा. बरं.)

त्या खेपेला तुझी राणी गेली.

हो, तेव्हाच. थांब, रागावू नकोस, पुढं ऐक. शनिवारी सकाळी ती पंपाच्या कोपऱ्यात आडवी पडली होती, आणि दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे तुझा फोन. तुझ्या फोनचं काय असतं ते तुला माहीत आहे. मला विचारायचं आजी कशी आहेस, मी म्हणायचं जिवंत आहे, आणि लगेच, मासे दाखव. मग मी फोन टाकीकडे वळवायचा आणि तू एकेकाला हाक मारायचीस. जोडीतला मोठा, जोडीतला धाकटा, हळद्या, राणी. हा टाकीच्या मागच्या बाजूला उभा असायचा, आवाज न करता, आणि ऐकायचा. तुला कधीतरी पाण्यातून त्याचा शर्ट दिसला असेल, हिरवट, हललेला. तर त्या शनिवारी यानं दुकान दुपारीच बंद केलं आणि संध्याकाळी पिशवीत दुसरी निळी घेऊन आला. तेवढीच, तशीच. रात्र पडायच्या आत तिला टाकीत सोडली. रविवारी तू तिला राणी म्हणून हाक मारलीस आणि ती पुढं आली, कारण मासे खाणं दिसलं की कोणाच्याही हाकेला येतात.

तू आता जिला हाक मारत होतीस ती चौथी राणी होती.

तिसरीच्या वेळी तू म्हणाली होतीस, आजी, राणी बारीक दिसतेय गं. यानं मागून मला हातवारे केले, दिवा, दिवा, म्हणजे दिव्यामुळं तशी दिसते असं सांग. मला काही तो दिव्याचा प्रकार नीट सांगता येईना, मी म्हटलं, वय झालं की अंग आटतं, मीही आटलेय, मला कोणी विचारलं नाही. तू हळद्याला हाक मारलीस. नंतर मला वाटत राहिलं की तुला कळलंय. दिवसभर एवढ्या मोठ्या मत्स्यालयात तू मासेच सांभाळतेस, माणसं तिकीट काढून तुझे मासे पाहायला येतात, तुला आपली राणी ओळखू येणार नाही? ओळखू आलीच असेल. तरी तू काही बोलली नाहीस. आणि आम्ही काय केलं, तर सगळ्या गावाला विचारलं ठिपक्यांवर औषध काय, फक्त ज्या एका पोरीला ते ठाऊक होतं तिला सोडून. लसूण खाऊ घालून पाहिला. मासे साफ करणारी कोळंबी आणून पाहिली, ती महाराणीसारखी दगडावर बसून राहिली. पाणी बदलून बदलून याच्या कंबरेत उसण भरली.

आता खरी गोष्ट सांगते. (पेन थांबलं. लिही रे. थांबायचं नाही ठरलंय आपलं.)

इलाज याला ठाऊक नव्हता असं नाही. मासे विकणारा दर खेपेला पिशवी हातात देताना सांगायचा, नवा मासा महिनाभर वेगळा ठेवा, लगेच सोडू नका. महिनाभर वेगळा ठेवला तर रविवारी राणी कुठून दाखवायची? म्हणून हा त्याच संध्याकाळी सोडायचा. ती बिचारी एकतर दुकानातून किडा घेऊन यायची, नाहीतर इथं वाळूत टपून बसलेला तिला गाठायचा. तुला मासा मेलेला दिसू नये म्हणून आणलेला मासाच उरलेल्यांना मारत होता. आणि पक्का इलाज तर त्याहून सरळ आहे. त्या किड्याला मासाच लागतो. गोगलगायी, कोळंबी, तुझी ती फुलासारखी उघडणारी पोवळी, यांना तो शिवत नाही. सगळे मासे बाहेर काढायचे, वेगळ्या टबात औषध घालायचं, आणि मोठी टाकी माशांवाचून अडीच महिने तशीच चालू ठेवायची. किडा उपाशी मरतो. बस. हे हा तीन वर्षांपासून जाणून आहे. टब आणला होता. औषध आणलं होतं. जाळी हातात घेऊन टाकीसमोर उभा राहायचा आणि ठेवून द्यायचा.

मी विचारायची, काढतोस का नाही? म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. मला वाटायचं आळस. दुकानात काचा घासून घासून माणूस दमतो, पन्नाशी उलटली, असेल. माझंही डोकं चाललं नाही तिकडे, हे मला आता लागतं. गेल्या बुधवारी चौथी राणी गेली आणि तिच्या मागोमाग जोडीतला धाकटा. मोठा तिथंच खालीवर करत राहिला, त्याला शोधत असेल, किंवा मला तसं वाटलं. हा अंगात शर्ट चढवून पाचवी आणायला निघाला. मी दारात उभी राहिले. म्हटलं, आज काय ते सांग, मगच जा. तेव्हा चपला घालता घालता खाली बघून म्हणाला, आई, मी तिला म्हटलं होतं ना, तू गेलीस की उद्याच ही टाकी रिकामी करतो.

मी ते विसरले होते बघ. म्हणजे तूच एकटी नाहीस या घरात विसराळू. मी तेव्हा तिथंच होते, भाजी निवडत होते. दुकानाची पाटी नवीन रंगवून आली होती, त्यावर यानं तुझ्या नावापुरती जागा सोडून घेतली होती, आणि त्याच आठवड्यात तुझं ते लांबचं नोकरीचं पत्र आलं. दोन दिवस तो नुसता धुमसत होता. तू बॅग घेऊन दारात आलीस आणि यानं ते वाक्य टाकलं. आत गेलीस, माशांना खायला घातलंस, टाकीचा दिवा बंद केलास आणि गेलीस. मला वाटलं बापलेकीची तणतण आहे, गाडी सुटेपर्यंत निवळेल. तुझी आई असती तर तिनं तिथल्या तिथं दोघांची डोकी एकमेकांवर आपटली असती. मला तसं करायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी हा दुकानात गेलाच नाही. सकाळीच जाऊन समुद्राच्या मिठाची गोणी खांद्यावर घेऊन आला आणि पाण्याचा खारटपणा मोजायची नळी. मला म्हणाला, हे तिला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. मग ज्या टाकीला तो रिकामी करीन म्हणाला होता तिला एक दिवस, एक रविवारसुद्धा रिकामी दिसू द्यायची नाही हे त्यानं डोक्यात घेतलं, आणि त्या हट्टापायी एकेक मासा हातचा घालवला. तुम्ही दोघं चार वर्षांत एकमेकांशी धड एक वाक्य बोलला नाहीत. तू मला विचारायचीस मासे बरे आहेत का, आणि तो मला विचारायचा, तिनं सगळ्यांना ओळखलं का. मी आपली मध्ये फोन धरून उभी. हात दुखायचा, तक्रार केली नाही, पण तुम्ही दोघं माशांबद्दल विचारत नव्हता हे काय मला समजत नव्हतं? समजत होतं. वाटायचं, एवढं तरी चालू आहे, हे कशाला मोडा. टाकीत मासे आहेत तोवर रविवारी फोन येणार. यालाही तेच वाटायचं. तुलाही तसंच काहीतरी वाटलं असणार, नाहीतर तिसऱ्या राणीलाच तू आम्हाला पकडलं असतंस.

गेल्या शनिवारी सकाळी हळद्या आणि मोठा, दोघांना बाथरूममधल्या टबात हलवलं. जाळी यानं धरली, टब मी धरला, दोघंही ओले झालो, आणि मला आता अडीच महिने स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात अंघोळ करायची आहे, माशांना एकांत लागतो म्हणे. मोठा जगेल असं वाटतं. हळद्याचं सांगता येत नाही. हा म्हणत होता, आधी तिला कळवू, तिचं उत्तर येऊ दे, मग काढू. मी म्हटलं, पत्राला आठवडा लागतो आणि हळद्याकडे आठवडा नाही. मोठ्या टाकीत आता पाणी आहे, दगड आहेत, पोवळी आहेत, पंपाचा आवाज आहे. मासा एकही नाही. दिवा मी लावून ठेवायला सांगितलाय.

म्हणून फोन उशीखाली आहे आणि म्हणून हे पत्र आहे. तू फोन करशील, मी वळवीन, आणि तुला रिकामी टाकी दिसेल. तुला वाटेल, केलंच शेवटी बोलला तसं. तसं तुला क्षणभरही वाटू नये. ते मी तोंडानं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आजी त्याची बाजू घेतेय. म्हणून त्याच्याच हातानं लिहून घेतलं, सगळं, त्या वाक्यासकट. ते वाक्य लिहायला त्याला फार वेळ लागला. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. आता माझं सांगून होत आलंय. अर्धं पान कोरं आहे, ते मी त्याला सोडून जातेय. मी आत जाऊन पडते. तो काय लिहील ते मला वाचता येणार नाही आणि मी शिवणवाल्या बाईकडूनही वाचून घेणार नाही, म्हणून त्यानं लाज सोडून लिहावं. नाही लिहिलं काही आणि पान कोरंच आलं, तर तेवढा वेळ तो त्या कोऱ्या पानासमोर बसला होता एवढं समज. आठवड्यानं, पत्र तुला मिळालं असेल तेव्हा, मी फोन चालू करीन, पण मी उचलणार नाही, तो उचलेल.

हळद्या टबात खाण्याला तोंड लावत नाही. तू काचेला चिमट्यानं लावायचीस ती वाळलेल्या शेवाळाची पानं इथं मिळेनाशी झालीत, ती भरपूर पाठव, लगेच पाठव. मला मऊ बिस्किटं, वर साखर नको, दात तीनच उरलेत. खोक्यावर नाव मात्र माझं घालू नकोस, तुझ्या बापाचं घाल. आणि त्याच्यासाठी खायला काय पाठवायचं ते मला विचारायचं नाही, त्यालाच विचार.

तुझीच,
आजी