गाठीचा विषय

आबा, आमच्या कुत्रीच्या मानेखाली गाठ आलीय. आमची म्हणते, पण सुट्टीला आलेल्या पाहुण्यांनी तिला वलवणच्या बंगल्याच्या फाटकाला बांधून सोडलं होतं, तिथून मी घरी आणली. आता ती म्हातारी झालीय आणि मीही थकले. हॉटेलातली दिवसभराची ड्युटी करून आले की आम्ही दोघी नुसत्या पडून असतो. जनावरांचाही विमा निघतो म्हणून मी चौकशी केली. फोनवरची मुलगी गोड बोलत होती. गाठीचं ऐकून म्हणाली, "मॅडम, तपासणी झाली नाही ना अजून? मग तो विषय काढूच नका. मी विचारीन, तुम्ही फक्त नाही म्हणा."

मला चाकणचा बाजार आठवला. घरावर पत्रे घालायचे म्हणून तुम्ही गाय विकायला नेली होती, मी शेपटाला धरून मागे. गिऱ्हाईक पटलं, हातात कासरा द्यायचा तेवढा बाकी, आणि तुम्ही म्हणताय, "लाथा मारती बरं का. आन कासंचा एक सड बंद हाय." माणूस निघून गेला. परतताना इंदुरीला नदीवर गाय पाणी पितेय आणि मी रडकुंडीला आलेय. "आबा, त्यानं इचारलं तरी व्हतं का?" तुम्ही तोंडावर पाणी मारत म्हणालात, "घरी नेल्याव कळलंच असतं की त्याला. मंग मार कुनी खाल्ला असता? तू का मी? हिनंच की." त्या पावसाळ्यात भाजे गावातल्या आपल्या गळक्या घरात आईनं जागोजागी भांडी मांडली. ती तुमच्याशी धड बोलली नाही.

फोनवरच्या मुलीनं विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, गाठ आहे. ती म्हणाली, विमा मिळेल, पण या गाठीचा खर्च त्यात धरणार नाहीत. मला तर त्याच्यासाठीच हवा होता. नको म्हटलं. ऑपरेशन करायचं ठरवलंय. कसं निभावणार, ते अजून कळत नाही. कुत्री आत्ता पायाशी घोरतेय.

तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठं पाठवणार? खरं सांगितल्यावर मन हलकं झालं, असं लिहायला बसले होते. तसं झालं नाही. फोन ठेवल्यावर मला तुमचा रागच आला, आबा. अजून आहे.